ताट दिसल्याशिवाय थांबायचं नाही

फय्याज मास्तरांनी मला झांज दिली, हे मी अजून विसरलेले नाही. सत्तर वर्षं होत आली. कुणाला ढोल मिळाला, कुणाला क्लॅरिनेट मिळाली, भुरीला तर कॉर्नेट मिळाला, आणि मला, कापडवाल्यांच्या ललिताला, पितळेची दोन झाकणं. मी तोंड फुगवलं तेव्हा मास्तर म्हणाले, "ललिते, तुले मोजता येते. झांजवाल्याले मोजता आलं पाह्यजे. एक ठोका जादा पडला की सगळ्या बँडची इज्जत गेली." आता मोजता येतं हे काय कौतुक झालं? दुकानदाराच्या पोरीला मोजता येणारच. पण एक सांगते, मी आयुष्यात जादा ठोका मारला नाही. एकदाच मारला, आणि तो का, हे सांगायलाच बसले आहे.

हे मालेगाव जहांगीरचं, १९५५ सालचं. तेव्हा वाशीम जिल्हा वेगळा नव्हता. आम्ही अकोला जिल्ह्यातले, अकोला मध्य प्रदेशातला, आणि राजधानी नागपूर. मालेगावात गुलशन बँड पार्टी होती. चौदा माणसं, लाल डगले, खांद्यावर पिवळ्या दोऱ्या. डगले मास्तरांची बायको हुस्नाबानो शिवायची, त्यामुळे सगळ्यांच्या बाह्या आखूड असत. कापड वाया घालवणं तिला पाप वाटे. रिठदपासून आसेगावपर्यंत गुलशनशिवाय वरात निघाली तर लोक विचारत, मुलीकडच्यांचं काही बिनसलंय का.

मास्तर स्वतः काटकुळे, गालफडं बसलेली, आवाज इतका बारीक की भाजीवाली पण दोनदा विचारायची. पण कॉर्नेट तोंडाला लागला की माणूस बदलायचा. कॉर्नेट म्हणजे बँडच्या सगळ्यांत पुढे चालणारा तो छोटा पितळी बाजा. चाल तो धरतो, बाकीचे त्याच्या मागून जातात. गुलशनमध्ये तो एकट्या मास्तरांना वाजवता यायचा. आणि त्या वर्षी मास्तरांचे पुढचे दोन दात हलायला लागले.

तुम्हाला वाटेल, दातांचं एवढं काय. पण कॉर्नेट ओठांवर दाबून धरावा लागतो आणि ओठांच्या मागे टेकायला दात लागतात. बैलाला खांदा तसे कॉर्नेटवाल्याला पुढचे दात. मास्तरांनी लवंगेचं तेल लावलं, बाभळीची साल चघळली, पीराला चादर चढवली, मारुतीला नारळही फोडला. दाताच्या बाबतीत ते कुणालाच दुखवू इच्छित नव्हते. दात हलतच राहिले. मूलबाळ नव्हतं. बँडमधले बाकीचे तेरा जण त्यांच्याहून म्हातारे. "दात पडले की गुलशन खतम," असं ते रोज जेवताना म्हणत. शेवटी हुस्नाबानो वैतागली. "दातासाठी रडून काय होते? तुमच्या मांगं फुंकनारा कोन, ते पाहा ना!"

तसे चार महिने त्यांच्या हातात होतेच. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे लग्नं लागत नाहीत. बँडची वाद्यं तेवढा वेळ मास्तरांच्या घरात खुंट्यांना टांगून असत. न वाजलेल्या वाद्याला हिरवा कळंक चढतो, चाव्या अडकतात. त्यांना रोज कुणीतरी फुंकलेलं बरं असतं. फुंकायला पोरं हवीत, आणि पोरं शाळेत.

शाळेला गरज होतीच. मदनसिंग गुरुजी आमचे हेडमास्तर. वेळापत्रकात त्यांनी फार सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'शुक्रवार, शेवटचा तास, संगीत'. त्या तासाला आम्ही पटांगणातलं गवत उपटत असू. संगीत शिकवणारं कुणी नव्हतं, आणि गुरुजी प्रार्थना म्हणायला लागले की पहिलीची मुलं रडत. त्या वर्षी वरून पत्र आलं की डिप्टीसाहेब गांधीजयंतीला शाळा तपासायला येतील आणि संगीत मुद्दाम पाहतील. डिप्टीसाहेब म्हणजे शाळा तपासणारे साहेब. गुरुजींचं जेवण तुटलं. आणि त्याच आठवड्यात फय्याज मास्तर स्वतः होऊन शाळेच्या दारात उभे राहिले. वाद्यं देतो, शिकवतो, तुळशीच्या लग्नापर्यंत.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. पण गुरुजींना दुसरा डोळा पसंत पडेना. "वरातीचा बाजा शाळेत? लोक काय म्हणतील?" शेवटी ठरलं असं. तास शाळेच्या मागे, जळणाच्या खोलीजवळ भरेल. साहेब येतील त्या दिवशी मास्तरांनी कुणाच्या नजरेला पडायचं नाही. साहेबांनी लेखी परवानगी दिली तर हा वर्ग दर चातुर्मासात चालेल, नाही दिली तर वाद्यं पुन्हा शाळेची पायरी चढणार नाहीत. मास्तरांनी सगळं कबूल केलं. दात हलणारा माणूस सगळं कबूल करतो.

पहिल्या शुक्रवारी मास्तरांनी मुलं ओळीत उभी केली. मुलं म्हणजे मुलगे. आम्ही पोरी नेहमीप्रमाणे गवतात. एकेकानं कॉर्नेट फुंकला. कुणाच्या बाज्यातून बकरीचं पिल्लू ओरडलं, कुणाच्या बाज्यातून नुसती थुंकी आली. एका दांडग्या पोरानं तर इतका जोर लावला की कॉर्नेट गप्प राहिला आणि आवाज भलतीकडूनच आला. मास्तर डोकं धरून घरी गेले.

घरी हुस्नाबानो फुंकणी घेऊन चुलीपुढे बसली होती. श्रावण चालू, जळणाला ओली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, घरभर धूर.

"पोट्टे पाह्यले," मास्तर म्हणाले. "एकात बी दम नाई."

"पोट्ट्यात कुठून येईन दम? कदी फुंकनी हातात धरली का त्याइनं?" हुस्नाबानोनं डोळे पुसले. "ओली पऱ्हाटी रोज कोन पेटवते? पोट्ट्या! आन् तुमी त्याइले गवत उपटायले लावून राह्यले."

मास्तरांचा एक गुण होता. बायकोचं खरं असलं की लगेच मानायचे. त्यामुळे त्यांना दिवसातून बरेचदा मानावं लागे.

पुढच्या शुक्रवारी शाळेच्या मागे तीन-तीन दगडांच्या पाच चुली मांडलेल्या. प्रत्येकीत ओली पऱ्हाटी, वर दोन गोवऱ्या. पाच-पाच पोरी बसवल्या आणि हातात फुंकण्या दिल्या. गुरुजी खिडकीतून पाहत होते. त्यांना वाटलं, बँडवाला स्वयंपाक शिकवायला लागला. आम्हा पाचजणींत किसनसिंगची भुरी होती. मालेगावापासून मैलभरावरच्या वाडीवरून चालत यायची. काळीसावळी, बोलायला कमी. आम्हा चौघींच्या चुली नुसत्या धुमसत होत्या आणि हिच्या चुलीतून जाळ निघाला. पण मास्तर जाळाकडे पाहतच नव्हते. ते तिच्या गालांकडे पाहत होते. गाल फुगलेच नव्हते. सगळा दम पोटातून.

"कोनाची व तू?"

"किसनसिंगची."

"हे कुठून शिकली?"

"काय?"

"असं फुंकनं."

"त्याच्यात काय शिकाचं? माय वावरात जाते, चूल मीच पेटवतो. धूर डोळ्यात जाते म्हनून दुरून फुंकतो."

मास्तरांनी कॉर्नेट तिच्या हातात दिला. कसा धरायचा हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं तो फुंकणीसारखाच धरला आणि फुंकला. गाव जागं होईल असा एक लांब, सरळ सूर निघाला. मास्तर खाली दगडावर बसले. माझी चूल तोवर विझली होती. म्हणून झांज.

किसनसिंगला पटवायला मास्तर त्याच दिवशी वाडीवर गेले. किसनसिंग म्हणजे भरघोस मिशांचा, कमी ऐकणारा शेतकरी. ऐकायला यायचं नाही असं नव्हे, ऐकायचा नाही.

"पोरीच्या जातीनं बाजा? उद्या लगन कोन करन तिच्यासंग?"

"किसनसिंगभाऊ, तुमच्या लगनात बाजा कोनी वाजवला?"

"तुमीच."

"कसा वाजवला?"

किसनसिंग गोठ्याकडे पाहत म्हणाला, "बैलं बुजली. सासरा रडला."

"तेच वाजवनं तुमच्या पोरीच्या पोटात हाय. माहे दात चालले. आता ती शिकली नाई तर ते माह्यासंग मातीत जाईन."

आतून नानीबाई, भुरीची आई, म्हणाली, "शिकू द्या ना. नाई तरी दिवसभर फुंकतेच." किसनसिंगनं मिशीवरून हात फिरवला आणि एक अट घातली. शाळेत वाजव म्हणा, पण नवरदेवापुढं बाजा वाजवायचा नाही. कधीच नाही. मास्तरांनी कॉर्नेटवर हात ठेवून शपथ घेतली.

गुरुजींचं म्हणणं, पोरांना देशभक्तीचं काहीतरी शिकवा. मास्तर म्हणाले, तीन महिन्यांत एकच चाल पक्की होते, आणि मी माझी पक्की चालच शिकवणार, वेशीपासून मंडपापर्यंतची. "अहो, पण इथं मंडप कुठला?" गुरुजी म्हणाले. मास्तरांनी शांतपणे उत्तर दिलं, "गुरुजी, चालीले काय माहीत ते कुठं जाऊन राह्यली?"

मग आमची तालीम सुरू झाली. मास्तर प्रेमळ होते, पण एका गोष्टीत कसाई. थांबणं. "सुरू तर कोनीबी करते," ते म्हणत. "वरातीत पाहुने हात करतात, दारू पेलेले मामा वरडतात. एक म्हनते बंद करा, दुसरा म्हनते दुसरं वाजवा. बँडवाल्यानं कोनाचंच आयकाचं नाई, नजर समोर. मंडपाच्या दारात सासू ओवाळनीचं ताट घेऊन येते. ताट दिसलं की सगळ्याइनं एका ठोक्यात थांबाचं. त्याच्या आदी थांबला तो बँडवाला नाई."

ताट म्हणून शाळेत पाणी भरणाऱ्या कमलीबाईच्या रांजणावरचं झाकण वापरायचो. तिनं झाकण वर केलं की गुलशनच्या चौदा वाद्यांवरचे आम्ही चौदा जण खटकन बंद. कमलीबाईला या कामाची गोडी लागली. कधी झाकण पदराखाली लपवून ती आम्हाला अर्धा-अर्धा तास वाजवत ठेवी. कुणाचा तरी सूर रेंगाळे, कुणाचा ढोल उशिरा थांबे, आणि पुन्हा पहिल्यापासून. दीड महिन्यानं आम्ही असे थांबायला लागलो की पाखरू बसलेलं ऐकू येईल. मास्तरांचा एक दात भादव्यात भाकरीत गेला. दुसरा त्यांनी जिभेनं सांभाळून ठेवला होता.

तास संपला की मास्तर वाद्यं पुसायचे आणि एकटेच पाठवणीची चाल वाजवायचे. नवरी सासरी निघते तेव्हाची. मोठा दम लागणारी, हळू, घाई नसलेली चाल. गुलशनमध्येही ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. आम्हाला त्यांनी ती शिकवली नाही. म्हणायचे, हे लहान लेकरांचं काम नाही. उरलेल्या एका दातावर ते ती कशीबशी वाजवायचे, आणि भुरी दप्तर भरायला उगाच वेळ लावायची.

गांधीजयंती उजाडली. डिप्टीसाहेब वाशीमहून सर्व्हिस मोटारीनं येणार होते. मोटार थांबायची तिथून शाळेपर्यंत सगळा काळ्या मातीचा चिखल. आमच्याकडचा चिखल आत गेलेला बूट परत देत नाही. म्हणून गुरुजींनी साहेबांसाठी घोडं शोधलं. साऱ्या मालेगावात साहेबाला शोभेल असं एकच जनावर होतं, बाबूसिंगची पांढरी घोडी. जन्मभर तिनं नवरदेवच वाहिले होते. बँड वाजला की चालायची, बँड उभा राहिला की उभी राहायची.

साहेब उतरले. चाळिशीचे, सडपातळ, आणि अजून लग्न न झालेले. ही बातमी त्यांच्या आधीच्या मोटारीनं आली होती. गुरुजींनी मान म्हणून त्यांना फेटा बांधला, गळ्यात झेंडूचा जाड हार घातला, घोडीवर बसवलं, आणि आम्हाला खूण केली. आम्ही निघालो. पुढे भुरी, शेवटी मी. ठरल्याप्रमाणे फय्याज मास्तर जळणाच्या खोलीत होते. गुरुजींनी बाहेरून कडीही घातली होती. ते कशातच कमी पडू देणारे नव्हते.

बाजारपेठेतून जाताना बायका दारात आल्या. "अवं माय, चातुर्मासात कोनाचं लगन लावून राह्यले?" "पोरगी कोनती?" "पोरगा वयानं मोठा दिसते." साहेबांना ऐकू येत असावं, कारण त्यांनी हसणं थांबवलं होतं. अर्धं गाव मागे चालायला लागलं.

शाळेच्या दारात आलो. शिकवल्याप्रमाणे दोन्हीकडे रांगा केल्या, मधे भुरी, आणि वाजवत राहिलो. घोडी उभी राहिली. साहेबांनी हात जोडले. चाल एकदा संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. साहेबांनी पुन्हा हात जोडले. तिसऱ्यांदा त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी आम्हाला हात केला. पाहुणे हात करतात, हे आम्हाला माहीत होतं. मग गुरुजी ओरडले. पेलेले मामा ओरडतात, हेही माहीत होतं. गुरुजींना पेलेला मामा समजायला मला तरी जड गेलं नाही. नजर समोर.

साहेब उतरायला गेले. घोडीला हे मान्य नव्हतं. ओवाळल्याशिवाय नवरदेव खाली उतरलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. ती दोन पावलं मागे सरली, अंग झटकलं, आणि साहेबांनी तिची आयाळ घट्ट धरली. पाचवी फेरी चालू झाली. भुरीचं तोंड लालबुंद झालेलं, पण गाल फुगले नव्हते. तिकडे जळणाच्या खोलीत मास्तरांच्या ध्यानात सगळं आलं. आपण थांबायला शिकवलं, पण आज ताट कोण आणणार हे ठरवलंच नाही. त्यांनी दार ठोठावलं, पण बँडपुढे कोण ऐकतो. मग कोपऱ्यात एक जुना बिगुल होता, तो त्यांनी आतून खूण द्यायला तोंडाला लावला. सगळा जोर लावला. बिगुल वाजला नाही. दात बिगुलात गेला.

कमलीबाई बायकांत बसून मजा पाहत होती. तिला वाटत होतं, ताट एखादी मानाची बाई आणेल, गुरुजीनबाई आणतील. कुणीच उठेना तेव्हा तिला राहवेना. "बाया हो, लेकरं मरतीन ना! ओवाळा त्याले!" तिनं रांजणावरचं झाकण उचललं, गांधीजींच्या फोटोपुढची पणती आणि कुंकू त्यात ठेवलं, आणि साहेबांपुढे येऊन ओवाळलं. साहेब वाकले, घोडीवर बसून दुसरं काय करणार? तिनं त्यांच्या कपाळाला बोटभर कुंकू लावलं आणि घोडीच्या पायांवर पाणी ओतलं.

आम्हाला ताट दिसलं. आम्ही थांबलो. चौदा जण, एका ठोक्यात. वाजत होतं तोवर कौलांवरची कबुतरं बसून होती, ती थांबल्यावर उडाली.

साहेब खाली उतरले. घोडीची हरकत नव्हती. "हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. "चूक झाली साहेब. एक वरातीचा बँडवाला आहे, त्याला मी आजच—"

"मी अठरा वर्षं शाळा तपासतोय," साहेब म्हणाले. "सुरुवात सगळे बरोबर करतात. थांबताना ज्याचा त्याचा वेगळा कारभार असतो. असं थांबलेलं मी कुठेही पाहिलं नाही. कुठे आहे तो माणूस?"

कडी निघाली. मास्तर अंगाला भुसा लागलेले, तोंडावर रुमाल धरून बाहेर आले. साहेबांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "परवानगी द्यायची तर शिकवणाऱ्याची परीक्षा घ्यावी लागते, नियम आहे. काही वाजवून दाखवा." मास्तरांनी कॉर्नेट घेतला, रुमाल काढला, ओठांना लावला. नुसती फुस्स हवा. पुन्हा फुस्स. सगळं गाव हसलं. मीही हसले, आणि त्याची लाज मला आजही वाटते. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या फुस्समध्ये चाललं होतं, आणि आम्ही हसलो.

मास्तरांनी कॉर्नेट पुसला आणि भुरीच्या हातात दिला. "साहेब, माह्या तोंडात आता बाजा नाई. माहा बाजा हे पोरगी हाय."

भुरीनं वरातीची चाल वाजवली नाही. तिनं पाठवणीची चाल लावली. सगळी, पहिल्यापासून, मोठ्या दमानं, कुठेही न तुटता. रोज दप्तर भरता भरता ऐकायची आणि घरी चुलीपुढे फुंकणीत ती चाल बसवायची, हे आम्हाला नंतर कळलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. घोडीसुद्धा मान खाली घालून उभी होती. 

"ही पण तुम्हीच शिकवली?" साहेबांनी विचारलं.

"नाई साहेब. हे तिनं चोरली."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'संगीत उत्तम. थांबणे अत्युत्तम. गुलशन बँड पार्टीच्या मास्तरांनी दर चातुर्मासात वाद्यांसह वर्ग चालवावा.' खाली सही केली, आणि सहीवर त्यांच्या कपाळावरचं थोडं कुंकू सांडलं. ते पान मी पाहिलेलं आहे.

संध्याकाळी किसनसिंग मास्तरांच्या दारात हजर. "नवरदेवापुढं वाजवनार नाई, हे ठरलं होतं!"

"तो नवरदेव कुठं होता? डिप्टी होता."

"घोडीवर बसला, फेटा बांधला, ओवाळला. अजून काय राह्यलं होतं?"

"नवरी," हुस्नाबानो आतून म्हणाली.

वर्ग चालू राहिला. पुढच्या चातुर्मासात मास्तर बिनदातांचे खाटेवर बसून गुडघ्यावर ताल धरायचे आणि कॉर्नेट भुरी शिकवायची. तिची शाळा संपली तरी दर वर्षी ते चार महिने यायची. तिच्या हाताखाली युनूस आणि रतनसिंग असे दोन पोरगे तयार झाले, ते गुलशनमध्ये गेले, आणि वराती पुन्हा पहिल्यासारख्या निघायला लागल्या. पण पाठवणीची चाल त्यांना येईना. दुसऱ्या ओळीत दम तुटायचा. भुरी म्हणायची, चूल पेटवा रोज. दोघांनी महिनाभर पेटवली, आया खूष झाल्या, पुढे पोरं कंटाळली. मग मालेगावच्या नवऱ्या त्या चालीशिवायच सासरी जायला लागल्या.

१९५९ च्या वैशाखात भुरीचं लग्न लागलं. नवरा रिठदचा, उदयसिंग, शेतकऱ्याचा मुलगा. बँड अर्थातच गुलशन. आम्ही शाळेतले जुनेही वाजवायला गेलो. मी झांज घरातून घासून नेली होती. वरात झकास झाली, ताट दिसलं, एका ठोक्यात थांबलो, लग्न लागलं, पंगती उठल्या. बैलांची दमणी जुंपून दारात उभी राहिली. आणि पाठवणीची वेळ आली.

रतनसिंगनं चाल लावली, दुसऱ्या ओळीत तुटली. युनूसनं घेतली, तिथंच तुटली. लोक कुजबुजायला लागले. मास्तर खाटेवर बसले होते, रिकामं तोंड मिटून, आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चाव्या दाबत होती. भुरी दमणीत चढता चढता थांबली. शालू सावरत, मुंडावळ्या मागे सारत खाली उतरली आणि युनूसच्या हातातून तिनं कॉर्नेट घेतला.

"भुरे!" किसनसिंग ओरडला. "नवरदेवापुढं!"

मास्तर उठले. "किसनसिंगभाऊ, शपथ माही होती. आज मीच मोडतो."

सगळ्यांनी नवरदेवाकडे पाहिलं. उदयसिंग लाजत म्हणाला, "वाजवू द्या. मले बी आयकाचं हाय."

भुरीनं वाजवलं. स्वतःच्या पाठवणीची चाल स्वतः. ढोल हळू, माझी झांज हळू. चार वर्षांनी ती चाल गावात कुणाच्या पाठवणीला वाजत होती आणि मास्तर उघडउघड रडत होते. चाल संपली. भुरी थांबली नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि आम्हीही. ताट दिसल्याशिवाय थांबायचं नाही.

लेकीला निरोपाचं ओवाळायचं ताट नानीबाईच्या हातात होतं. ती घराच्या दाराआड उभी होती, ताट पदराखाली झाकून. ताट दिसलं की पोरगी थांबणार, आणि थांबली की दमणीत बसणार. नानीबाई बाहेर येईना. तिसरी फेरी झाली. रिठदचे लोक उन्हाकडे पाहायला लागले. सासरे हात करायला लागले, मग ओरडायला लागले. आम्ही नजर समोर ठेवली. भुरीचं तोंड लालबुंद झालं, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण सूर सरळ होता.

मास्तर दारापाशी गेले. "नानीबाई, आना आता. लेकराचा दम सरून राह्यला."

"तुमीच न्या मास्तर," नानीबाई म्हणाली. "माह्यानं होत नाई."

मास्तरांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. हळू चालत ते भुरीसमोर आले आणि तिला दिसेल असं वर धरलं.

सगळे थांबले. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ढोल, एका ठोक्यात. थांबलं की भुरी जाणार, हे मलाही ठाऊक होतं. माझा हात थांबला नाही, एक ठोका जादा पडला. मास्तरांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि ताट खाली घेतलं.